रंग वाळायची वाट न बघणारा इंजिनिअर

फर्निचर करून घेताना सुतार विचारतो, पॉलिश करायचं की ड्युको? गॅरेजमधले जुने पेंटरसुद्धा गाडीच्या स्प्रे पेंटला सरळ ड्युको म्हणतात. हा शब्द इतका आपला झालाय की तो आला कुठून हे कोणी विचारत नाही. मित्रांनो, तो साधारण शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत जन्मला. तो रंग गाडीवर आणण्यामागे ज्या माणसाचा हट्ट होता त्याचं नाव चार्ल्स केटरिंग. मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलवाल्यांना हे नाव सेल्फ स्टार्टरमुळे माहीत असतं. पण आज नवी गाडी घेतली की वॅक्स लावायचं, सीलंट लावायचं की सिरॅमिक कोटिंग करायचं यावर जो वाद रंगतो, त्याचा एक धागाही याच माणसापर्यंत जातो.

केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ चा, ओहायो राज्यातल्या लाउडनव्हिल गावाजवळच्या एका शेतावरचा. लहानपणापासून डोळे कमजोर. थोडं वाचलं की डोकं दुखायला लागायचं. तरी शाळा संपवून त्यांनी खेड्यातल्या शाळेत मास्तरकी केली आणि मग ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. डोळ्यांनी पुन्हा दगा दिला आणि कॉलेज सोडावं लागलं. मग काय, टेलिफोनचे खांब उभारणाऱ्या टोळीत काम धरलं. खड्डे खणले, तारा ओढल्या, पुढे त्या टोळीचे फोरमन झाले. मोकळ्या हवेत डोळे जरा सुधारल्यावर परत कॉलेजात आले आणि १९०४ मध्ये इलेक्ट्रिकलची डिग्री घेतली. तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. आपल्याकडे एक वर्ष ड्रॉप लागला तरी घरात सुतक पडल्यासारखं वातावरण होतं, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

पहिली नोकरी डेटन शहरात, नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. दुकानातला गल्ला तेव्हा हाताने दांडा फिरवून उघडायचा. तो विजेवर चालवायला हवा होता, पण त्यासाठी लागणारी मोटर गल्ल्यापेक्षा मोठी होईल असं जाणकारांचं मत होतं. केटरिंगनी वेगळा विचार केला. गल्ल्याची मोटर दिवसभर थोडीच फिरणार आहे? ती क्षणभर चालेल आणि थांबेल. मग छोट्याच मोटरवर क्षणभर जास्त लोड टाकला तर बिघडलं कुठे? तापायच्या आत ती बंद झालेली असेल. मोटर बसली आणि गल्ला चालला.

हीच युक्ती पुढे जगभर गेली. १९०९ मध्ये त्यांनी सहकारी एडवर्ड डीड्स यांच्याबरोबर डेल्को ही कंपनी काढली. सुरुवातीचं काम डीड्स यांच्या घरामागच्या कोठारात चालायचं. त्या काळी गाडी सुरू करायची म्हणजे पुढे उभं राहून हँडल मारायचं. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडलंच म्हणून समजा. इथेही मोटर खूप मोठी लागेल असंच सगळे म्हणत होते, आणि इथेही केटरिंगनी गल्ल्याचंच गणित लावलं. मोटर काही सेकंदच तर चालणार आहे! १९१२ च्या कॅडिलॅक मॉडेलवर सेल्फ स्टार्टर आला. आज आपण बटण दाबतो आणि गाडी सुरू होते, त्यामागे हे आहे.

पुढे डेल्को जनरल मोटर्समध्ये सामील झाली. १९२० मध्ये केटरिंग तिथल्या संशोधन विभागाचे प्रमुख झाले आणि १९४७ पर्यंत, म्हणजे तब्बल २७ वर्षं, त्या पदावर राहिले. सगळे प्रयोग यशस्वी झाले असं अजिबात नाही. पाण्याऐवजी हवेने थंड होणारं, तांब्याच्या पट्ट्या लावलेलं शेव्हर्ले इंजिन १९२३ मध्ये साफ पडलं आणि कंपनीला गाड्या परत घ्याव्या लागल्या.

आता रंगाकडे येऊया. १९२० च्या आसपास गाडी असेंब्ली लाइनवर भराभर तयार व्हायची, पण रंगासाठी अडून बसायची. गाडीला तेव्हा घोडागाडीसारखाच तेल-व्हार्निशचा रंग दिला जायचा. त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. एक हात द्या, वाळू द्या, घासा, दुसरा हात द्या, असं करत दोन-तीन आठवडे सहज जायचे, कधी महिनासुद्धा. साधा हिशोब करून बघा. रोज १,००० गाड्या बनवायच्या आणि रंगाला २० दिवस लागतात, तर कुठल्याही क्षणी २०,००० बॉडीज छपराखाली, धूळ न लागेल अशा जागी वाळत पडलेल्या असणार. एवढी गोदामं कुठून आणायची? फोर्डने १९१४ ते १९२५ मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली. तो काळा रंग स्वस्त होता, टिकाऊ होता आणि भट्टीत भाजून लवकर वाळवता यायचा. ज्याला निळी किंवा हिरवी गाडी हवी त्याने दिवस मोजत बसायचं.

केटरिंगनी रंगवाल्यांची बैठक घेतली. वेळ किती कमी करता येईल असं विचारल्यावर थोडेफार दिवस वाचवता येतील असं उत्तर आलं. केटरिंगना दिवस नको होते, तास हवे होते. रंग आपल्या गतीनेच वाळणार, त्याला कोण काय करणार, असं तज्ज्ञांचं म्हणणं. पुढची गोष्ट केटरिंग रंगवून सांगत असत. न्यूयॉर्कच्या एका दुकानात त्यांना छान लॅकर दिलेला छोटासा लाकडी ट्रे दिसला. तो बनवणाऱ्याचा माग काढत ते न्यू जर्सीतल्या एका शेडपर्यंत पोचले. ते लॅकर मात्र इतकं झटपट वाळायचं की स्प्रे गनमधून गाडीपर्यंत पोचेपर्यंतच सुकून जाईल. म्हणजे बघा, एक रंग वाळतच नाही आणि दुसरा थांबतच नाही!

मधला रस्ता ड्यू पाँ या केमिकल कंपनीकडे निघाला. या कंपनीचे जनरल मोटर्समध्ये मोठे शेअर्स होते. जुलै १९२० मध्ये न्यू जर्सीतल्या पार्लिनच्या कारखान्यात फोटो फिल्मसाठीच्या नायट्रोसेल्युलोजच्या घट्ट द्रवाचं एक पिंप उन्हाळ्याच्या उकाड्यात तसंच पडून राहिलं. नंतर उघडलं तर आतला द्रव एकदम पातळ झालेला. वरवर पाहता माल वाया गेला होता, पण तिथल्या केमिस्टांच्या लक्षात आलं की हे पातळ झालेलं द्रावण रंगासाठी फार कामाचं आहे. व्हिस्कॉसिटी कमी म्हणजे त्यात रंगद्रव्य भरपूर घालता येतं आणि तरीही ते स्प्रे होतं. थोड्या हातांत जाड थर बसतो. शिवाय लॅकर वाळतं ते नुसतं सॉल्व्हंट उडून जाऊन, त्याला ऑक्सिजनची वाट बघायची गरज नाही. दोन्ही कंपन्यांच्या लोकांनी दोन-तीन वर्षं खपून ते गाडीच्या पत्र्यावर टिकेल असं केलं. त्याला ड्युको हे नाव मिळालं आणि १९२४ च्या मॉडेलची निळी ओकलंड गाडी त्या रंगात बाजारात आली. आठवड्यांचं काम तासांवर आलं.

केटरिंगबद्दल एक किस्सा नेहमी सांगितला जातो. विश्वास न ठेवणाऱ्या एका रंगतज्ज्ञाला त्यांनी जेवायला नेलं. जेवून बाहेर आल्यावर त्या गृहस्थांना स्वतःची गाडी सापडेना. गाडी समोरच उभी होती, फक्त जेवण होईपर्यंत तिचा रंग बदललेला होता. किस्सा थोडा मीठमसाला लावलेला असेलही, पण मुद्दा नेमका कळतो.

ड्युकोमुळे रंगीत गाड्या स्वस्तात निघू लागल्या. १९२७ मध्ये जनरल मोटर्सने आर्ट अँड कलर नावाचा स्वतंत्र विभागच काढला. दरवर्षी नवा रंग, नवं रूप, म्हणजे जुनी गाडी चालत असूनही जुनी वाटणार. ग्राहकाला पूर्ण समाधानी होऊ देऊ नका अशा अर्थाचा एक लेख स्वतः केटरिंगनी १९२९ मध्ये लिहिला होता. मोबाईलचं दरवर्षी नवं मॉडेल बघणाऱ्या आपल्या पिढीला हे काही नवीन नाही.

आता ड्युकोची दुसरी बाजू. स्प्रे केल्यावर तो जुन्या व्हार्निशइतका चमकत नसे, घासून चमक आणावी लागे. आणि नायट्रोसेल्युलोजला ऊन सोसत नाही. काही काळाने रंग फिका पडतो, पृष्ठभागावर खडूसारखी भुकटी येते. मग मालक काय करणार? पॉलिशने तो मेलेला थर घासून काढायचा आणि वर मेण चोळायचं. मेणाचं पॉलिश आधीही होतं, पण रविवारी अंगणात उभं राहून गाडी वॅक्स करण्याची सवय अशा रंगांबरोबर वाढली. वॅक्स हे तेव्हा औषध होतं, दागिना नव्हे.

आपल्या गाडीवर मात्र ड्युको नाही. आज रंगाच्या वर क्लिअर कोट असतो, म्हणजे पारदर्शक, घट्ट जोडलेल्या पॉलिमरचा थर. जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, वहीच्या कागदापेक्षाही कमी. ऊन अडवायचं मुख्य काम तोच करतो. म्हणून कोणतं प्रॉडक्ट भारी हे विचारण्याआधी केटरिंगच्या पद्धतीने विचारायला हवं की नेमकं अडतंय कुठे?

गाडी सावलीत राहते, हौस आहे, महिन्या-दीड महिन्याने तासभर द्यायची तयारी आहे, तर कार्नोबा वॅक्स पुरतं. ते ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण आहे. चमक सुंदर, खर्च कमी, पण ऊन आणि शॅम्पू त्याला काही आठवड्यांत संपवतात. सीलंट म्हणजे कारखान्यात बनवलेलं पॉलिमर. ते जास्त घट्ट धरतं, साधारण चार-सहा महिने चालतं. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा, असा त्याचा हिशोब सोपा बसतो. सिरॅमिक कोटिंग सिलिकावर आधारित असतं. क्लिअर कोटवर ते घट्ट होऊन बसतं आणि नीट लावलं तर वर्ष-दोन वर्षं किंवा जास्त टिकतं. पण त्याच्या खर्चातला मोठा भाग आधीच्या तयारीचा असतो. गाडी धुणं, चिकटलेली घाण काढणं, ओरखडे पॉलिश करणं हे झालं नाही तर ओरखडे कोटिंगखाली तसेच राहतात. आणि प्रत्येक मशीन पॉलिशमध्ये त्या कागदाहून पातळ थरातला थोडा थोडा भाग कायमचा जातो हेही लक्षात ठेवा.

या तिन्हींपैकी एकही उडालेला दगड अडवत नाही. पक्ष्याची विष्ठा तिन्हींवरून लवकरच पुसावी लागते, फक्त ती सुटते सोपी. उघड्यावर उभ्या गाडीची धूळ रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसली, तर महागड्या कोटिंगवरही गोल गोल ओरखडे येणारच. तिथे अडचण पुसण्यात आहे, प्रॉडक्टमध्ये नाही. आणि गाडी नुकतीच रिपेंट केली असेल तर लगेच काही लावू नका. वरून वाळलेल्या रंगातूनसुद्धा सॉल्व्हंट काही आठवडे बाहेर पडत असतं. पेंटर सांगेल तेवढं थांबा. केटरिंगनी एवढी घाई केली तरी हा नियम अजून सुटलेला नाही.

पण केटरिंगची गोष्ट इथेच संपवली तर ती अर्धवट राहील. ड्युकोचं काम चालू होतं त्याच वर्षांत त्यांच्या हाताखालचे थॉमस मिज्ली इंजिनाच्या नॉकिंगवर उपाय शोधत होते. डिसेंबर १९२१ मध्ये त्यांना शिशाचं एक संयुग सापडलं. पेट्रोलमध्ये चिमूटभर घातलं की नॉकिंग बंद. अल्कोहोलचा पर्याय याच लोकांनी तपासलेला होता. शिसं विषारी असतं हेही कोणाला नवीन नव्हतं. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत हे संयुग बनवताना पाच कामगार दगावले. त्या वेळी हे पेट्रोल विकणाऱ्या एथिल कंपनीचे अध्यक्ष केटरिंगच होते. तरीही विक्री कायमची थांबली नाही. भारतात शिशाचं पेट्रोल २००० मध्ये बंद झालं आणि जगात शेवटी अल्जीरियात २०२१ मध्ये. तोवर कितीतरी पिढ्यांच्या मुलांच्या रक्तात शिसं गेलं होतं.

१९४५ मध्ये त्यांच्या आणि आल्फ्रेड स्लोन यांच्या नावाने न्यूयॉर्कमध्ये कॅन्सर संशोधनाची संस्था उभी राहिली. पुढच्याच वर्षी पत्नी ऑलिव्ह कॅन्सरने गेल्या. नोव्हेंबर १९५८ मध्ये वयाच्या ८२ व्या वर्षी केटरिंग डेटनमध्येच वारले. मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात आज त्यांच्या नावाची युनिव्हर्सिटी आहे. तिथली मुलं काही महिने वर्गात आणि काही महिने कारखान्यात शिकतात. खांब रोवून डिग्री मिळवलेल्या माणसाला हे नक्कीच आवडलं असतं.

मला हा माणूस पूर्ण हिरो वाटत नाही आणि पूर्ण व्हिलनही वाटत नाही. रंग वाळायला इतका वेळ का लागतो हा प्रश्न त्यांनी विचारला आणि उत्तर मिळेपर्यंत सोडला नाही. पेट्रोलमधलं शिसं धुरातून बाहेर पडल्यावर कुठे जातं हा प्रश्नही त्यांच्यासमोर होता, तो मात्र त्यांनी तितक्या हट्टाने विचारला नाही. डोकं तेच होतं, लॅबही तीच होती. आपण दोन-तीन वर्षांत नोकरीला लागू, कोणी रंगात, कोणी बॅटरीत, कोणी सॉफ्टवेअरमध्ये. काम होतंय का हे तर आपल्याला बॉस विचारेलच. झाल्यावर पुढे काय होईल हे मात्र आपलं आपल्यालाच विचारावं लागेल.