सहकारी नसलेला प्राध्यापक : आचार्य धर्मानंद कोसंबी

ज्या विद्यालयात पाली शिकवली जाते, तेथे ती शिकवणारी व्यक्ती बहुधा एकच असते. गणिताच्या किंवा मराठीच्या शिक्षकाला मधल्या सुटीत आपल्या विषयाचा दुसरा जाणकार भेटतो. पालीच्या शिक्षकाला एखाद्या गाथेचा अन्वय लागेना, तर विचारावे कोणाला, असा प्रश्न पडतो. संस्थेच्या प्रमुखाचेही थोडेबहुत असेच असते. त्याच्या बरोबरीचे त्या आवारात दुसरे कोणी नसते, आणि मनातली शंका बोलून दाखवावी तर ती हाताखालच्या माणसांपुढेच बोलावी लागते. या स्मरणिकेसाठी कोणाचे चरित्र घ्यावे याचा विचार करताना आचार्य धर्मानंद कोसंबी आमच्यासमोर उभे राहिले, ते या कारणाने. आधुनिक काळात मराठीतून बुद्धवचन समजावून देणारे थोर पंडित म्हणून आपले वाचक त्यांना ओळखतात. आम्हांला येथे त्यांच्यातला शिक्षक पाहायचा आहे.

९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी त्यांचा जन्म झाला. पोर्तुगीज राजवटीतल्या त्या खेड्यात मराठी शिक्षणाची सोय बेताचीच होती, आणि प्रकृती नाजूक असल्याने धर्मानंदांचे शालेय शिक्षण फारसे झाले नाही. घरच्या नारळीच्या बागेची देखभाल करीत त्यांनी मिळेल ते वाचले. ‘बालबोध’ मासिकात बुद्धाचे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि मनाने एकच ध्यास घेतला. त्या ध्यासाविषयी बोलायला गावात कोणी नव्हते. त्यांच्या पुढच्या सर्व प्रवासाचे मूळ आम्हांला या एका गोष्टीत दिसते.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. घरी पत्नी बाळाबाई होत्या आणि त्याच वर्षी जन्मलेली तान्ही मुलगी होती. चरित्रकार हा प्रसंग त्यागाच्या गौरवाने सांगतात. परंतु त्या त्यागाचा भार बाळाबाईंनी किती वर्षे एकटीने वाहिला, हेही त्याच पानावर लिहिले गेले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे मार्गदर्शन मिळाले. पुढे काशीला अन्नछत्रांत जेवून संस्कृताचे अध्ययन झाले. नेपाळात बौद्ध धर्म सापडेल म्हणून ते पायपीट करीत गेले आणि निराश होऊन परतले. बुद्धगयेला मात्र सिंहलद्वीपाची वाट कळली. १९०२ साली कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी त्यांनी श्रामणेराची दीक्षा घेतली आणि पालीचे अध्ययन सुरू केले. गुरू, ग्रंथ आणि सोबत शिकणारे भिक्खू, या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी त्यांना येथे लाभल्या. पण तेथला आहार प्रकृतीला मानवेना. सिंहलद्वीप सोडून, ब्रह्मदेशात राहून, ते १९०६ मध्ये कलकत्त्यास आले. तेथे प्रथम राष्ट्रीय महाविद्यालयात आणि नंतर सर आशुतोष मुखर्जींच्या आश्रयाने कलकत्ता विद्यापीठात ते पाली शिकवू लागले.

आता त्यांच्या आयुष्यातल्या सर्वांत विलक्षण निर्णयाकडे येऊ. कलकत्त्यात मान होता, वेतन होते, विद्वानांचा सहवास होता. महाराष्ट्रात यांपैकी काहीच नव्हते. पाली जाणणारा माणूसही शोधून सापडला नसता. अशा वेळी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी, महाराष्ट्रातील कोणत्याही शहरी राहून काम केल्यास तीन वर्षे दरमहा ५० रुपये देण्याचे कबूल केले. कलकत्त्याचा पगार याहून कितीतरी अधिक होता. धर्मानंदांनी तो सोडला आणि १९०८ मध्ये ते पुण्यास आले. एकटे पडणार हे स्पष्ट दिसत असताना आपण होऊन ते पत्करणारे शिक्षक फार नसतात.

लगेच १९१० साली त्यांना अमेरिकेचे बोलावणे आले. हार्वर्ड विद्यापीठात हेन्री क्लार्क वॉरन यांनी बुद्धघोषाचार्यांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाचे संपादन हाती घेतले होते. वॉरन १८९९ मध्ये वारले आणि काम अर्धवट राहिले. ते पुरे करण्यासाठी प्राध्यापक लॅनमन यांच्याबरोबर धर्मानंद बसू लागले. पुढे संपादनाचे श्रेय कोणाचे यावरून दोघांत मतभेद झाले आणि १९१२ मध्ये धर्मानंद परतले. जगात मोजक्याच माणसांना कळणाऱ्या विषयातले दोन जाणकार एका टेबलाशी बसले आणि त्यांचेही जमले नाही. सहकारी मिळाला म्हणजे एकटेपण संपतेच, असे नाही. ‘विसुद्धिमग्गा’त साधकाला सांगितले आहे की ध्यानाचा विषय घ्यायचा तो कल्याणमित्राकडे जाऊन घ्यावा. तो मित्र कसा असावा, त्याच्याकडे कसे जावे, याचे सविस्तर विवेचन त्यात आहे. ही पाने धर्मानंदांनी पाठभेद जुळवीत किती वेळा वाचली असतील, याची आम्ही केवळ कल्पनाच करू शकतो.

१९१२ ते १९१८ ही सहा वर्षे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे प्राध्यापक होते. मुंबई विद्यापीठात या विषयाला स्थान मिळाले होते; पण स्थान मिळणे वेगळे आणि विषय चालणे वेगळे. त्या काळी पाली शिकवायची म्हणजे काय, हे आजच्या पालकांनी लक्षात घ्यावे. मूळ ग्रंथ सिंहली, ब्रह्मी आणि सयामी लिप्यांत होते. लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीने छापलेले होते ते रोमन लिपीत, आणि शब्दकोश म्हणजे चिल्डर्स यांचा १८७५ चा, तोही इंग्रजीत. देवनागरीत फारच थोडे उपलब्ध होते. जी भाषा मराठी मुलाच्या कानाला ओळखीची वाटावी, ती त्याच्या डोळ्यांपुढे परक्या अक्षरांत येत होती. संस्कृताच्या वर्गाला शेकडो वर्षांच्या पाठशाळांचा आधार होता. पालीच्या वर्गाला एकट्या धर्मानंदांचा.

या अडचणीवर त्यांनी जो उपाय केला तो आम्हांला फार मोलाचा वाटतो. बरोबरीचे कोणी नव्हते, म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांनाच बरोबरीचे केले. परीक्षेपुरते शिकवून त्यांना सोडले नाही. ग्रंथ संपादणे, भाषांतर करणे, पुढे स्वतः वर्ग चालवणे इथपर्यंत नेले. चिं. वै. राजवाडे यांनी ‘दीघनिकाय’ मराठीत आणला. ना. के. भागवत यांनी मुंबई विद्यापीठाच्या मालेत पाली ग्रंथ देवनागरीत संपादले. कित्येक पिढ्यांचे विद्यार्थी त्यांवर वाढले. पु. वि. बापट यांनी पुण्यात बौद्ध विद्येची परंपरा पुढे चालवली. एकट्या माणसाच्या वर्गातून तीन प्राध्यापक उभे राहिले. सहा वर्षांपूर्वी ज्या प्रांतात पालीतली शंका विचारायला माणूस नव्हता, तेथे आता एकाने दुसऱ्याला पत्र लिहून विचारावे अशी सोय झाली. वर्गाबाहेरच्या वाचकासाठी धर्मानंद स्वतः मराठीत लिहीत होतेच. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ ही बडोद्याची व्याख्याने आणि ‘बुद्धलीलासारसंग्रह’ ही त्या काळातली पुस्तके होत.

पुढच्या भ्रमंतीचा वृत्तांत आम्ही थोडक्यात देतो. ते हार्वर्डला पुन्हा तीनदा गेले. मधल्या काळात अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात पंडित सुखलालजी आणि मुनी जिनविजयजी यांच्या सहवासात काही वर्षे गेली, आणि एकदा लेनिनग्राडलाही पाली शिकवून झाली. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवास भोगला. १९३७ मध्ये मुंबईत परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार उभा राहिला आणि साठी ओलांडलेले धर्मानंद त्याचे प्रमुख झाले. संस्था चालवणे हे मात्र त्यांचे खरे क्षेत्र नव्हते, असे आमचे मत आहे. काही वर्षांतच ते तेथून निघाले आणि सारनाथला त्यांनी पुन्हा ग्रंथ जवळ केले. तेथे त्यांनी चक्क पालीत टीकाग्रंथ लिहिले. भारतात ते वाचू शकणारी माणसे किती होती, हा हिशेब त्यांनी मांडलेला दिसत नाही.

याच काळात ‘भगवान बुद्ध’ हा त्यांचा ग्रंथ आला. रोगी, वृद्ध आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही परंपरागत कथा त्यांनी बाजूला ठेवली आणि शाक्य व कोलिय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा कलह पुढे मांडला. पुढे १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथातही गृहत्यागाच्या मुळाशी हाच कलह आहे. आमच्या विद्यार्थ्यांनी ही दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवून वाचावीत.

जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे, दीर्घ आजाराला कंटाळून अन्नत्याग केलेल्या अवस्थेत धर्मानंदांचे निधन झाले. त्यांनी संपादलेला ‘विसुद्धिमग्ग’ देवनागरीत १९४० सालीच मुंबईला भारतीय विद्या भवनाने काढला होता. हार्वर्डची प्रत निघाली १९५० मध्ये, त्यांच्या पश्चात. तिच्यावर वॉरन आणि कोसंबी अशी दोन्ही नावे आहेत. हे दोघे कधी भेटले नव्हते. वॉरन वारले त्याच वर्षी धर्मानंदांनी साखवाळ सोडले होते. १९५६ साली, बुद्धाच्या महापरिनिर्वाणाला अडीच हजार वर्षे झाल्यानिमित्त भारत सरकारने बौद्ध धर्माच्या इतिहासाचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या संपादनासाठी पु. वि. बापट यांना बोलावण्यात आले. ते फर्ग्युसनच्या त्या छोट्या वर्गातले विद्यार्थी होते.