पाषाणातील अरण्यांचे अभ्यासक : प्रा. बिरबल साहनी

14 नोव्हेंबर आपल्या शाळेत बालदिन म्हणून साजरा होतो. याच तारखेला, पंडित नेहरूंनंतर दोन वर्षांनी, 1891 मध्ये पंजाबातील भेरा या गावी बिरबल साहनी यांचा जन्म झाला. भेरा आता पाकिस्तानात आहे. साहनींची कर्मभूमी मात्र लखनौ. हीरक महोत्सवी अंकात लखनौच्या वनस्पतिशास्त्रज्ञाचे चरित्र कशासाठी, असे कोणी विचारील. चंद्रपूर, बल्लारपूर, वणी, घुग्घुस, उमरेड ही नावे आपल्या शाळेच्या हजेरीपटाशी किती जोडलेली आहेत, हे माजी विद्यार्थी जाणतात. ज्या दगडी कोळशावर यांतील अनेकांची घरे उभी राहिली, त्या कोळशाचा पूर्वेतिहास उलगडण्यात साहनींनी आयुष्य वेचले.

वडील रुचिराम साहनी लाहोरला रसायनशास्त्राचे अध्यापक होते. मुलांना घेऊन ते हिमालयात पायी भटकंती करीत. बिरबल यांना वनस्पती आणि खडक गोळा करण्याचे वेड लागले ते या पदयात्रांत. मुलाने इंग्लंडला जाऊन सनदी सेवेची परीक्षा द्यावी, अशी वडिलांची इच्छा होती. परंतु वनस्पतिशास्त्रावरच जीव जडला आहे हे मुलाने स्पष्ट केले आणि वडिलांनी ते मानले. (आजच्या पालकांनी या ठिकाणी क्षणभर थांबावे, असे एक शिक्षिका म्हणून मला वाटते.) 1911 मध्ये पदवी घेऊन ते केंब्रिजच्या इमॅन्युएल महाविद्यालयात दाखल झाले. तेथे प्रा. सिवर्ड यांच्यासारखा जीवाश्म-वनस्पतींचा थोर अभ्यासक गुरू म्हणून लाभला. 1919 मध्ये लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. मिळवून ते परतले. बनारस आणि लाहोर येथे थोडा काळ अध्यापन करून 1921 मध्ये नव्याने स्थापन झालेल्या लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्र विभागाचे प्रमुख झाले आणि अखेरपर्यंत लखनौचेच राहिले. 1936 मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले.

त्यांच्या कार्याचे मर्म समजण्यासाठी कोळशाकडे वळावे लागते. सुमारे 25 ते 30 कोटी वर्षांपूर्वी भारत, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका हे भूभाग एकत्र होते. या महाखंडाचे गोंडवन हे नाव आपल्याच गोंडांच्या भूमीवरून पडले आहे. प्रथम त्यावर हिमनद्यांचे राज्य होते. चंद्रपूरजवळ इरई परिसरातील खडकांवर त्या हिमाने ओढलेले ओरखडे गेल्या शतकाच्याही आधी भूशास्त्रज्ञांना आढळले होते. हिम ओसरल्यावर दलदलींत ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या, जिभेच्या आकाराच्या पानांच्या वृक्षांची अरण्ये माजली. ती पडली, चिखलाखाली गाडली गेली, दाब आणि उष्णता यांनी हळूहळू कोळसा झाली. हवेतील कार्बन पानांनी सूर्याच्या साहाय्याने बांधून ठेवला होता. तो जमिनीखाली बंदिस्त झाला. भट्टीत कोळसा जळतो तेव्हा कोट्यवधी वर्षांची ती ठेव काही तासांत पुन्हा हवेत जाते. आज जगभर ज्या तापमानवाढीची चिंता आहे, तिचे मूळ या साध्या हिशेबात आहे.

साहनी आणि त्यांचे विद्यार्थी कोळशातील व खडकांतील परागकण आणि बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहू लागले. त्यांची विद्यार्थिनी चिन्ना विर्की हिने 1930 च्या दशकात भारत आणि ऑस्ट्रेलिया येथील प्राचीन खडकांत पंख असलेले सारखेच परागकण शोधून काढले. ज्या काळी मुलींनी प्रयोगशाळेत पाऊल टाकणेही अपूर्वाईचे होते, त्या काळची ही गोष्ट आहे. दूर दूरच्या दोन खाणींतील थर एकाच काळातील आहेत की नाहीत, हे अशा कणांवरून ठरवता येते, आणि कोळसा व तेल शोधणाऱ्यांना त्याचा थेट उपयोग होतो. म्हणजे साहनींच्या शास्त्राने कोळसा खणणाऱ्यांचे काम सोपे केले, हे मान्य केले पाहिजे. देशाला तेव्हा उद्योग उभारायचे होते आणि कोळशावाचून दुसरा मार्ग दिसत नव्हता. त्याच परागकणांवरून प्राचीन हवामान कसे बदलत गेले हेही वाचता येते. एकाच विद्येचे हे दोन उपयोग मला वर्गात शिकवताना नेहमी अस्वस्थ करतात.

अस्वस्थतेचे कारण दूरचे नाही. साहनी ज्या ब्रिटनमध्ये शिकले, त्या देशाने आपले शेवटचे कोळशावरील वीजकेंद्र 30 सप्टेंबर 2024 रोजी बंद केले. भारताने 2070 पर्यंत कार्बनचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे ठरविले आहे. आपली 70 टक्क्यांहून अधिक वीज मात्र अजून कोळशातून येते. 2015 नंतर देशात सरकारी योजनेतून 36 कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले, आणि साठ वॅटचे काम नऊ वॅटमध्ये होऊ लागले. ही बचत मोठी आहे. पण खाणीत पाळी करून येणाऱ्या पालकाने, खाण बंद झाल्यावर माझ्या मुलाने काय करायचे, असे विचारले तर मुख्याध्यापिकेपाशी तयार उत्तर नसते. सौरपत्रे कोठे बसतील आणि त्यांवरचे काम कोणाला मिळेल, हे आपल्या जिल्ह्यांत अजून ठरायचे आहे.

साहनींचा आपल्या भूमीशी आणखी एक धागा आहे. नागपूरच्या उत्तरेस छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान येथे दख्खनच्या लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये गारगोटी झालेली फळे, फुले, लाकडे सापडतात. तेथील एका कोड्यात टाकणाऱ्या फळाचा साहनींनी सविस्तर अभ्यास केला. अशा अवशेषांवरून दख्खनच्या लाव्ह्याचे वय भूशास्त्रज्ञ मानतात त्याहून कमी असावे, असे मत त्यांनी 1934 मध्ये हिरीरीने मांडले. आज ते वय सुमारे 6.6 कोटी वर्षे मानले जाते. नागपूरच्या संशोधकाने 1944 मध्ये याच गावच्या एका जीवाश्म-फुलाला साहनिअँथस असे नाव देऊन त्यांचा गौरव केला. राजमहाल टेकड्यांतील पेंटॉक्सिली हा लुप्त वनस्पतिगट त्यांनी जगापुढे आणला. काश्मीरच्या उंच थरांतील जीवाश्मांवरून हिमालय मानवाच्या काळातही वर चढत होता, असे ते सांगत. रोहतकजवळच्या टेकाडात त्यांना यौधेयांच्या नाण्यांचे मातीचे साचे सापडले आणि प्राचीन नाणी कशी पाडली जात यावर त्यांनी ग्रंथ लिहिला. दगड हाती आला की त्यांना स्वस्थ बसवत नसे.

1920 मध्ये सावित्री सुरी यांच्याशी विवाह झाल्यापासून पतिपत्नी प्रवासात बरोबर असत. जीवाश्म-वनस्पतींच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्था असावी, हा दोघांचा ध्यास. 1946 मध्ये दोघांनी मिळून आपले ग्रंथ, संग्रह, मिळकत त्या कार्यास अर्पण केली आणि संस्था सुरू झाली. 3 एप्रिल 1949 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते लखनौला इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. त्या शिळेत साहनींनी जीवाश्म जडविले होते. अवघ्या आठवडाभरात, 10 एप्रिलला, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले; वय सत्तावन्न वर्षे. संस्थेच्या आवारातच त्यांची समाधी आहे.

संस्था बंद पडेल, अशी भीती अनेकांना होती. सावित्रीबाईंनी धुरा घेतली, निधी जमविला, माणसे जोडली. 2 जानेवारी 1953 रोजी, नेहरूंच्याच हस्ते, त्या इमारतीचे उद्घाटन झाले.