काडेपेटीचा शोध लावणाऱ्याने पेटंटच घेतलं नाही!

ट्रेकला निघताना काडेपेटी प्लास्टिकमध्ये गुंडाळून सॅकमध्ये टाकली की चूल पेटवायची निम्मी चिंता मिटते. दोनशे वर्षांपूर्वी युरोपात यासाठी अख्खा डबा बाळगावा लागे. त्यात चकमकीचा दगड, पोलादाचा तुकडा, ठिणगी धरायला करपवलेलं सुती कापड आणि गंधक लावलेल्या काड्या असत. कापड दमट झालं की सगळं मुसळ केरात!

या डब्याची गरज संपवली जॉन वॉकरने. १७८१ मध्ये इंग्लंडमधल्या स्टॉकटन-ऑन-टीज इथे त्याचा जन्म झाला. आधी तो एका सर्जनच्या हाताखाली शिकत होता. पण चिरफाड काही सहन होईना. शेवटी त्याने गावातच औषधांचं दुकान टाकलं. रसायनांची आवड होतीच.

१८२६ मध्ये अँटिमनी सल्फाइड, पोटॅशियम क्लोरेट आणि डिंक यांचं मिश्रण लागलेली काडी चुलीजवळच्या दगडावर घासली गेली आणि भडकली. यामागचं गणित सोपं आहे. घर्षणाने उष्णता निर्माण होते, क्लोरेट ऑक्सिजन पुरवतं, सल्फाइड पेट घेतं आणि डिंक सगळं काडीला चिकटवून ठेवतो. ७ एप्रिल १८२७ ला हिक्सन नावाच्या वकिलाला त्याने या काड्या विकल्याची नोंद दुकानाच्या वहीत आहे. सोबत दुमडलेला सँडपेपर मिळायचा. त्याच्या चिमटीत काडी धरून झटक्यात ओढायची. कधीकधी मात्र पेटलेलं टोक गळून थेट गालिच्यावर पडायचं!

पेटंट घे, असा आग्रह त्याला खुद्द मायकेल फॅरेडेनेही केला होता, असं सांगतात. वॉकरने ऐकलं नाही. मग व्हायचं तेच झालं. लंडनच्या सॅम्युएल जोन्सने तशाच काड्या ‘ल्युसिफर’ या झकास नावाने बाजारात आणल्या. वॉकरने थोड्याच वर्षांत काड्या बनवणं थांबवलं आणि तो आपलं औषधांचं दुकान चालवत राहिला. १८५९ मध्ये तो वारला. शोधाचं श्रेय त्याला मिळालं ते त्यानंतर.

गावाने १९७७ मध्ये त्याचा अर्धपुतळा उभारला. पुढे लक्षात आलं, की चेहरा दुसऱ्याच एका जॉन वॉकरचा आहे.