शुश्रूषेचे विद्यालय

हातात दिवा घेऊन रात्रीच्या अंधारात जखमी सैनिकांच्या खाटांमधून फिरणारी एक सडपातळ स्त्री, हे चित्र आपल्यापैकी बहुतेकांनी कोठे ना कोठे पाहिले असेल. ती स्त्री म्हणजे फ्लॉरेन्स नाइटिंगेल. चित्रकारांनी तिच्या हाती बहुधा ग्रीक घाटाचा तेलाचा दिवा दिला. प्रत्यक्षात तिचा दिवा म्हणजे घडीचा साधा तुर्की कंदील होता. त्या दिव्याचे कौतुक जगाने पुष्कळ केले. परंतु ज्या कार्यासाठी तिने आयुष्याची जवळजवळ चाळीस वर्षे वेचली, ते कार्य युद्धभूमीवरचे नव्हते. ते एका शाळेचे होते.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत झाला, म्हणून तिचे नाव फ्लॉरेन्स ठेवण्यात आले. आईवडील इंग्रज आणि अतिशय संपन्न. इंग्लंडात डर्बीशायर व हॅम्पशायर या दोन परगण्यांत त्यांची दोन प्रशस्त घरे होती. वडील केंब्रिजला शिकलेले. मुलींना शाळेत न धाडता त्यांनी स्वतःच ग्रीक, लॅटिन, इतिहास व तत्त्वज्ञान शिकविले. फ्लॉरेन्सला गणिताची विलक्षण गोडी. त्या काळी श्रीमंत घरच्या मुलीने गाणे-बजावणे, विणकाम व पाहुण्यांशी गोड बोलणे शिकावे आणि योग्य वेळी विवाह करावा, एवढीच अपेक्षा असे. फ्लॉरेन्सचे मन त्यात रमेना. सोळा वर्षांची असताना, १८३७ च्या फेब्रुवारीत, परमेश्वराने आपल्याला सेवेसाठी बोलाविले आहे, असे तिला तीव्रतेने वाटले. सेवा कोणती, हे उमगायला मात्र पुढे बरीच वर्षे जावी लागली.

१८४५ साली तिने सॅल्सबरी येथील इस्पितळात काही महिने राहून रुग्णसेवा शिकण्याची परवानगी मागितली. घरात हलकल्लोळ उडाला. आईवडिलांना सर्वस्वी दोष देता येणार नाही. त्या काळची इंग्लंडातील इस्पितळे म्हणजे घाण, दुर्गंधी व गर्दी यांची आगरे होती. तेथे काम करणाऱ्या बाया बहुधा निरक्षर, आणि त्यांपैकी कित्येक दारूच्या आहारी गेलेल्या असत. झाडलोट करणारी बाई आणि रोग्याजवळ रात्र काढणारी बाई यांत लोक फारसा भेद करीत नसत. अशा ठिकाणी आपली मुलगी धाडण्यास कोणते कुलीन घर तयार झाले असते? परवानगी मिळाली नाही. फ्लॉरेन्स पहाटे उठून इस्पितळांचे अहवाल वाची, त्यांतील आकडे वहीत उतरून घेई आणि दिवस उजाडला की घरच्या बैठकीत येऊन बसे.

अखेर १८५१ साली तिला जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठच्या कायझर्सवेर्थ या गावी जाता आले. तेथे थिओडोर फ्लीडनर नावाच्या धर्मोपदेशकाने १८३६ मध्ये एक संस्था काढली होती. तेथे साध्या घरांतील स्त्रियांना रोग्यांची सेवा शिकवीत. फ्लॉरेन्सने तेथे सुमारे तीन महिने काढले. त्या संस्थेतील सेवाभाव तिला फार आवडला. स्वच्छता मात्र तिच्या पसंतीस उतरली नाही. १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील आजारी स्त्रियांच्या एका लहान संस्थेची व्यवस्था तिच्याकडे आली. तोवर वडिलांचे मन वळले होते. त्यांनी तिला वर्षाला ५०० पौंड लावून दिले.

पुढल्याच वर्षी क्रिमियाचे युद्ध पेटले. तुर्कस्थानातील स्कुटारी येथे इंग्रज सैनिकांचे अतोनात हाल होत असल्याच्या वार्ता वृत्तपत्रांतून येऊ लागल्या. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट यांच्या विनंतीवरून १८५४ च्या ऑक्टोबरात अडतीस स्त्रियांना घेऊन फ्लॉरेन्स निघाली. तेथे तिने काय केले, हे सर्वश्रुत आहे. मात्र एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ती गेल्यावरही त्या पहिल्या हिवाळ्यात सैनिक मरतच राहिले, आणि ते जखमांपेक्षा हगवण, पटकी व विषमज्वर यांनी अधिक मेले. १८५५ च्या मार्चमध्ये आरोग्यविषयक आयोग आला, त्याने इमारतीखालची तुंबलेली गटारे उपसली, हवा व पाणी शुद्ध केले, तेव्हाच मृत्यूंची संख्या झपाट्याने उतरली. मायदेशी परतल्यावर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या साह्याने तिने सारे आकडे तपासले. नुसत्या प्रेमळपणाने रोगी वाचत नाही, हे कटू सत्य त्या आकड्यांनी तिच्यापुढे मांडले. ते तिने लपविले नाही, तर रंगीत आकृत्या काढून सरकारपुढे ठेवले. १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र मंडळाने तिला सदस्यत्व दिले. हा मान मिळविणारी ती पहिली स्त्री.

युद्ध चालू असतानाच कृतज्ञ जनतेने तिच्या नावे निधी उभारला. त्यात ४४,००० पौंडांहून अधिक रक्कम जमली. या पैशातून काय करावे? तिने ठरविले, शाळा काढावी. रोग्याची सेवा ही उपजत येणारी गोष्ट नसून शिकण्याची विद्या आहे, हे तिला दाखवून द्यायचे होते. विरोध झालाच. ज्या सेंट टॉमस इस्पितळात ही शाळा निघायची होती, तेथीलच जॉन फ्लिंट साउथ नावाच्या ज्येष्ठ शस्त्रवैद्याने पुस्तिका छापून सांगितले की, या बायका घरकाम करणाऱ्या मोलकरणींसारख्या. त्यांना शिकवायचे ते काय?

तरीही १८६० च्या उन्हाळ्यात लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळात पंधरा उमेदवार मुलींनिशी ही शाळा सुरू झाली. मुलीचे वय पंचवीस ते पस्तीस असावे व तिच्या चारित्र्याचा दाखला असावा, अशी अट होती. शिक्षण एक वर्षाचे. राहणे, जेवण व गणवेश शाळेचा. शिवाय हातखर्चास वर्षाला १० पौंड. तपकिरी झगा, पांढरे ॲप्रन व पांढरी टोपी असा वेष. प्रत्येकीला झोपायला स्वतंत्र खोली होती. इस्पितळाच्या मुख्य परिचारिका, म्हणजे मेट्रन, श्रीमती सॅरा वॉर्ड्रोपर यांच्या हाताखाली मुलींनी वॉर्डात काम करावे, तेथल्या भगिनींकडून शिकावे, डॉक्टरांची व्याख्याने ऐकावी, टिपणे काढावी आणि दैनंदिनी ठेवावी, अशी योजना होती.

आता मुलगी शिकली की नाही, हे ओळखावे कसे? शाळा म्हटली की हा प्रश्न आलाच. रोग्याच्या उशाशी बसून करायच्या कामाची परीक्षा कागदावर घेणार कशी? फ्लॉरेन्सने यासाठी एक मासिक पत्रक तयार केले. आपल्या शाळेतील प्रगतिपुस्तकाचेच ते एक भावंड म्हणा. प्रत्येक मुलीचे पत्रक मेट्रनने दरमहा भरायचे. त्याचे दोन भाग होते. पहिला भाग वर्तनाचा, त्यात वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, अंगाची व कपड्यांची स्वच्छता आणि वॉर्डाची व्यवस्था असे पाच रकाने. दुसरा भाग कामाचा, त्यात चौदा मुख्य बाबी आणि त्यांच्या पुन्हा कित्येक पोटबाबी. जखम धुऊन बांधणे, जळवा लावणे, पट्ट्या गुंडाळणे, लुळ्या रोग्याला हलविणे व त्याची पाठ सोलू न देणे, अंथरूण घालणे, शस्त्रक्रियेच्या वेळी हाताशी उभे राहणे, रोग्याचे पथ्याचे अन्न शिजविणे, वॉर्डात रात्रंदिवस हवा खेळती ठेवणे, भांडी निर्मळ ठेवणे, असे त्यांचे स्वरूप. प्रत्येक बाबीपुढे उत्तम, चांगले, मध्यम, अपुरे किंवा शून्य, यांपैकी एक शेरा लिहायचा.

या यादीतील सर्वांत मोठी बाब शेवटी येई, आणि ती म्हणजे रोग्याचे निरीक्षण. नाडी कशी चालते, श्वास कसा आहे, त्वचा तापली आहे की थंड, भूक किती, झोप कशी, रोगी भ्रमात आहे की ग्लानीत, जखमेचा रंग पालटला का, औषधाचा व अन्नाचा परिणाम काय झाला, हे सारे न सांगता पाहणे आणि डॉक्टरांना अचूक सांगणे. डॉक्टर रोग्याजवळ दिवसातून काही क्षण असतो. उरलेला वेळ परिचारिकाच असते. तिने चुकीचे पाहिले, तर डॉक्टरही चुकीचेच औषध देणार. म्हणून फ्लॉरेन्सच्या लेखी पाहता येणे हे हातांच्या कौशल्याइतकेच महत्त्वाचे होते.

ती स्वतः मात्र या शाळेत शिकवीत नव्हती. क्रिमियातून आलेल्या दुखण्याने तिला १८५७ पासून बहुतेक घरातच खिळवून ठेवले. पलंगावर पडल्या पडल्या ती पत्रे, अहवाल व योजना लिही. हिंदुस्थानातील लष्कराच्या आरोग्याची चौकशीही तिने अशीच केली. प्रश्नावल्या इकडच्या छावण्यांत धाडून उत्तरे मागविली, पण हा देश तिला कधी पाहता आला नाही. शाळेचा कारभार मेट्रन आणि निधीचे चिटणीस पाहत.

लांबून चालविलेल्या शाळेचे जे होते, ते थोडेफार या शाळेचेही झाले. १८७१ मध्ये सेंट टॉमस इस्पितळ थेम्स नदीकाठच्या नव्या भव्य इमारतीत गेले, आणि त्याच सुमारास फ्लॉरेन्सने शाळेत बारकाईने लक्ष घातले. तिला धक्काच बसला. व्याख्याने द्यायचे ते डॉक्टर नियमाने शिकवीत नव्हते. मुली इस्पितळातील कामाच्या ओझ्याखाली दबून गेल्या होत्या. शिकण्यास उसंत नव्हती. पत्रके दरमहा भरली जात असतानाही हे असे घडले. शेरे लिहिणारा थकला किंवा त्याचे डोळे दुसरीकडे गेले, की उत्तमातले उत्तम पत्रकही कोरेच, मग त्यावर शाई कितीही असो.

फ्लॉरेन्सने शाळेला दोष देऊन अंग काढून घेतले नाही. ते डॉक्टर १८७२ साली गेले व त्यांच्या जागी जॉन क्रॉफ्ट आले. त्यांनी व्याख्यानांची व वाचनाची नीट आखणी केली. मुलींच्या अभ्यासाकडे व राहणीकडे पाहण्यासाठी स्वतंत्र गृहभगिनी नेमण्यात आली. उत्तरपत्रिका व दैनंदिन्या फ्लॉरेन्स स्वतः वाचू लागली. एकेका मुलीला ती आपल्या घरी चहाला बोलावी, तिच्याशी तासन्तास बोले आणि ती गेल्यावर तिच्याविषयीचे टिपण लिहून ठेवी. छापील रकान्यांत जे मावत नव्हते, ते या टिपणांत येई. १८७२ पासून ती शाळेतील मुलींना उद्देशून लांबलचक पत्रेही लिहू लागली. वर्षातून एखादे पत्र येई व ते सर्वांना वाचून दाखवीत.

अपयश आले तेथे ते कबूल करण्याचे धैर्यही तिच्याजवळ होते. याच निधीतून किंग्ज कॉलेज इस्पितळात सुइणींसाठी शिक्षणवर्ग चालविला होता. तेथे बाळंतिणी सूतिकाज्वराने दगावू लागल्या, तेव्हा १८६७ मध्ये तो बंद करण्यात आला. मग तिने बाळंतिणींच्या मृत्यूंचे आकडे जमवून १८७१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले.

शाळेतून बाहेर पडलेल्या परिचारिका दूरदूर गेल्या. ॲग्नेस जोन्स लिव्हरपूलच्या अनाथ-गरिबांच्या इस्पितळात गेली आणि रोग्यांची सेवा करता करता १८६८ साली ज्वराने निवर्तली. तेव्हा ती अवघी पस्तीस वर्षांची होती. त्याच वर्षी ल्यूसी ऑस्बर्न पाच सहकारिणींसह ऑस्ट्रेलियात सिडनीला पोहोचली.

म्हातारपणी फ्लॉरेन्सला एका मोठ्या वादात उतरावे लागले. १८८७ मध्ये एथेल बेडफर्ड फेनविक या परिचारिकेच्या पुढाकाराने ब्रिटिश परिचारिकांची संघटना स्थापन झाली. तिची मागणी अशी की, परिचारिकांचे शिक्षण तीन वर्षांचे असावे, सर्वांची एकच परीक्षा घ्यावी आणि उत्तीर्ण होणाऱ्यांचीच नावे देशाच्या नोंदवहीत घालावीत. गणवेश चढवून कोणीही स्वतःस परिचारिका म्हणवील, तर बिचाऱ्या रोग्याने खरी-खोटी ओळखावी कशी, हा त्यांचा सवाल होता आणि तो खोटा नव्हता. फ्लॉरेन्सने त्याला कसून विरोध केला. तिचे म्हणणे असे की, परीक्षेत स्मरणशक्ती दिसते. धीर, दया व विश्वासूपणा दिसत नाही. आज नोंदवहीत गेलेले नाव वीस वर्षांनीही तसेच राहील; ती बाई मात्र तशीच राहिली आहे की नाही, हे वही सांगणार नाही. जिने मुलीला रोज काम करताना पाहिले, तिनेच तिच्याविषयी सांगावे.

वाद काही वर्षे चालला. १८९३ साली संघटनेला राजसनद मिळाली, पण नोंदवहीऐवजी केवळ यादी ठेवण्याची मुभा मिळाली. दोन्ही पक्ष आपणच जिंकलो असे समजले. दोहोंकडे सत्याचा अंश होता, एवढे आता म्हणता येते. सर्वांना एकच परीक्षा नसेल, तर निवाडा एका माणसाच्या मर्जीवर राहतो, आणि सेंट टॉमसमध्येच तसा अनुभव येऊन गेला होता. नुसती परीक्षाच असेल, तर रोग्याच्या पाठीखालची चादर चुरगळली आहे, हे कोणाच्या लक्षात येते, ते कळत नाही.

पुढे तिची दृष्टी गेली. १९०७ मध्ये इंग्लंडच्या राजाने तिला ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान दिला. तो मिळालेली ती पहिली स्त्री. त्या वेळी सभोवतालचे तिला फारसे उमगत नव्हते. १३ ऑगस्ट १९१० रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी लंडनमध्ये तिचे निधन झाले. इंग्लंडात परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा त्यानंतर नऊ वर्षांनी, १९१९ साली झाला आणि पहिली सरकारी परीक्षा १९२५ मध्ये घेण्यात आली.

राष्ट्राच्या थोर पुरुषांना जेथे विसावा मिळतो, त्या वेस्टमिन्स्टर ॲबीत तिला स्थान देण्याची तयारी होती. तिच्या इच्छेस अनुसरून नातलगांनी ती नाकारली. हॅम्पशायरमधील ईस्ट वेलो या खेड्यातील चर्चच्या आवारात आईवडिलांशेजारी तिला पुरण्यात आले. तेथील दगडावर तिच्या पूर्ण नावाऐवजी केवळ दोन आद्याक्षरे आहेत, आणि खाली जन्माचे व मृत्यूचे साल.