खरी कॉर्नरचा कॅमेरा



स्मरणिकेत ‘आत्मविश्वास’ या विषयावर मी लिहायचं, असं ग्रुपवर ठरलं तेव्हा मला हसूच आलं. पंधरा ऑगस्टच्या भाषणात दुसऱ्याच वाक्याला अडकून व्यासपीठावरून पळालेली मुलगी तुम्ही विसरला नसाल. तिने उपदेश काय करायचा? त्यापेक्षा आपल्या कोल्हापूरच्या एका माणसाची गोष्ट सांगते. लहानपणी ती बाबांकडून ऐकली होती. बाबा गडमुडशिंगीहून सायकलने उद्यमनगरात जायचे, लेथवर काम करायचे. त्यामुळे ही गोष्ट सांगताना त्यांचा आवाज जरा चढायचा.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर. जन्म १८९० चा, कोल्हापूरचा. शालेय शिक्षण फारसं नाही. वडील हातचे कसबी कारागीर, त्यांच्याकडेच चित्र आणि शिल्प शिकले. मावसभाऊ, चुलतभाऊ असल्या नात्यांपलीकडची जोडी जमली ती आनंदराव पेंटर या भावाशी. दोघं मिळून नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे आणि त्यांच्या पडद्यांचं नाव झालं होतं.

मग १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या दोघांना सिनेमाने झपाटलं. सिनेमा करायचा तर कॅमेरा हवा. तो परदेशी, महागडा, त्यात पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं. दोघांनी सिनेमा दाखवायचं एक यंत्र मिळवलं, त्यावर खेळ केले, ते यंत्र आतून-बाहेरून समजून घेतलं आणि कॅमेरा आपणच बनवायचा, असं ठरवलं. इंजिनिअरिंगची पदवी सोडाच, कसलंही तांत्रिक शिक्षण त्यांच्याकडे नव्हतं.

काम अर्ध्यावर असताना १९१६ मध्ये आनंदराव वारले. माझ्या दृष्टीने सगळी गोष्ट इथेच आहे. निम्मं डोकं, निम्मे हात गेल्यावर बाबूराव पुन्हा पडदे रंगवायला बसले असते, तर त्यांना कुणी नावं ठेवली नसती. त्यांनी विष्णुपंत दामले यांना सोबत घेतलं आणि पुन्हा कामाला लागले. १९१८ मध्ये कॅमेरा चालू झाला.

तोवर त्यांना स्वतःची खात्री होती का, कोण जाणे. पण त्यांच्यावर विश्वास टाकणारी माणसं मात्र होती. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैसे घातले आणि ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ उभी राहिली. शाहू महाराजांनीही मदत केली. ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात ‘सैरंध्री’ लागला. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या. लोकमान्यांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. १९२५ मध्ये त्यांनी ‘सावकारी पाश’ काढला. देवादिकांच्या कथांच्या त्या काळात, सावकारापायी जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट त्यांनी पडद्यावर आणली.

पुढे १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम हे त्यांच्या हाताखाली तयार झालेले लोक बाहेर पडले आणि त्यांनी ‘प्रभात’ काढली. बाबूरावांची कंपनी पुढे फार टिकली नाही. ते चित्र-शिल्पाकडे वळले, अधूनमधून सिनेमेही केले. १९५४ मध्ये ते गेले. मोडलेल्या कंपनीच्या दुःखात ते हात बांधून बसले नाहीत.

आता माझं थोडं. पुण्यात नोकरीला लागले तेव्हा मीटिंगमध्ये इंग्रजीत बोलायची वेळ आली की घशाला कोरड पडायची. कोड मी लिहायचे आणि तो सगळ्यांसमोर मांडायचं दुसरंच कुणीतरी. अनेक वर्षं मी ते चालवून घेतलं. एकेचाळिसाव्या वर्षी एका जुन्या सिस्टिमच्या जागी नवी उभी करायची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा ‘मला जमणार नाही’ अशी ईमेल लिहून तयार होती. शनिवार-रविवार गावी आले होते. बाबांना सांगितलं. ते म्हणाले काही नाहीत, फक्त विचारलं, जुनं उघडून बघितलंस का? नव्हतं बघितलं.

सोमवारी ती ईमेल पुसली आणि जुनी सिस्टिम उघडली. तीन आठवडे एकेक भाग सुटा करून वहीत मांडला. जिथे अडलं तिथे माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान मुलाला विचारलं. पहिला डेमो ग्राहकासमोरच बंद पडला. तरी मी खोलीतून पळाले नाही, कारण तो का बंद पडला ते मला ठाऊक होतं. मोडक्या इंग्रजीत का होईना, ते मीच समजावून सांगितलं. मला वाटायचं, आधी धीर येतो आणि मग काम होतं. माझ्या बाबतीत उलटं झालं. घसा अजूनही कोरडा पडतो, पाण्याची बाटली जवळ ठेवते.

मेळाव्याला याल तेव्हा वाट वाकडी करून खरी कॉर्नरला जा. बाबूरावांची आठवण म्हणून तिथे कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. शेजारी मुलं असतील तर त्यांना एवढंच सांगा, की असा एक कॅमेरा याच गावात हाताने बनवला होता.

आणि हो, मेळाव्यात आभाराचं भाषण माझ्याकडे द्या. पंधरा ऑगस्टचं दुसरं वाक्य अजून राहिलंय.