वाटसरू गाडगेबाबा

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. वडील लवकर वारल्यामुळे त्यांचे बालपण मामाच्या शेतात राबण्यात गेले. १९०५ साली त्यांनी घरदार सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती खराटा आणि जेवायला मातीचे गाडगे घेऊन ते एकटेच गावोगाव पायी हिंडू लागले. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

अनोळखी गावात शिरताच ते प्रथम रस्ते झाडीत आणि मगच एखाद्या दारी भाकरी मागत. श्रमाविना मिळालेला घास त्यांना मान्य नव्हता. रात्री कीर्तनातून ते अस्वच्छता, कर्ज, व्यसन, पशुबळी व जातिभेद यांविरुद्ध लोकांना जागे करीत आणि पुढच्या गावाची वाट धरीत.

परंतु प्रत्येक वाटसरूला दार उघडे मिळत नाही, हे त्यांनी पाहिले होते. पंढरपुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांना निवारा मिळणे कठीण होते. बाबांनी लोकांच्या देणग्यांतून तेथे चोखामेळा धर्मशाळा उभारली. १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. नाशिक, देहू व आळंदी येथेही त्यांच्या प्रयत्नांनी धर्मशाळा झाल्या.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ प्रवासातच त्यांचे निधन झाले. अनोळखी दारी मिळालेल्या भाकरीचे ऋण त्यांनी अनोळखी वाटसरूंना छप्पर देऊन फेडले.