स्वप्नात मिळालेलं काम

परीक्षा जवळ आली की होस्टेलवर 'काल नाइट मारली' हे वाक्य पदक मिळाल्यासारखं सांगितलं जातं. मी कुपवाडचा. आमच्याकडे एमआयडीसीतून रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी झोपला की घरातले भांड्याचाही आवाज करत नाहीत. झोपेची किंमत त्यांना माहीत असते. ती आपल्यालाही कळावी म्हणून मी आज तुकोबांविषयी लिहितोय. कारण त्यांच्या आयुष्यातल्या दोन सर्वांत मोठ्या घटना चक्क झोपेत घडल्या!

तुकोबांचा जन्म देहूचा, साधारण १६०८ सालचा. घराणं कुणब्याचं, धंदा वाण्याचा. आईवडील लवकर गेले. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात धंदा बुडाला, पहिली बायको अन्न अन्न करत गेली, मुलगाही गेला. एवढं झाल्यावर कुणीही खचला असता. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडून दिली असं सांगतात. मग त्यांनी विठ्ठलाचं पडकं देऊळ नीट केलं आणि भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसू लागले.

तिथं त्यांनी काय केलं? पाठांतर! कीर्तनाचा सराव नव्हता, म्हणून आधीच्या संतांची वचनं तोंडपाठ केली. गाणाऱ्यांच्या मागं उभं राहून धृपद धरलं. थोडक्यात, आधी अभ्यास.

स्वप्नं पडली ती यानंतर. पहिल्या स्वप्नात बाबाजी चैतन्य भेटले. डोक्यावर हात ठेवून त्यांनी मंत्र दिला आणि जेवणासाठी पावशेर तूप मागितलं. ते द्यायचं तुकोबा स्वप्नातच विसरले! हा बारीक तपशील त्यांनी स्वतःच अभंगात नोंदवून ठेवलाय. दुसऱ्या स्वप्नात पांडुरंगाला घेऊन नामदेव आले. नामदेवांना जाऊन तेव्हा पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली होती. त्यांचा शतकोटी अभंगांचा संकल्प अपुरा राहिला होता, तो पुरा करायला त्यांनी तुकोबांना सांगितलं.

इथं एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. स्वप्नात तुकोबांना तयार कविता मिळाली नाही, काम मिळालं. ते त्यांनी जागेपणी केलं. कविता करण्याच्या अधिकारावरून वाद झाला, वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, तरी थांबले नाहीत. १६५० च्या आसपास त्यांचा शेवट झाला. आज गाथेत सुमारे साडेचार हजार अभंग आहेत.

याचा दुसरा दाखला आपल्या शेजारच्या कोल्हापूरचा. बहिणाबाई तिथं राहत असताना जयरामस्वामींच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग ऐकायची. दिवसरात्र तोच ध्यास. तुकोबांना तिनं कधी पाहिलंही नव्हतं, पण स्वप्नात त्यांनीच तिला मंत्र दिला. पुढं तीही अभंग रचू लागली.

भाविक याला कृपा म्हणतात. विज्ञान काय म्हणतं? २००४ साली जर्मनीत एक प्रयोग झाला. लोकांना आकड्यांचं एक कोडं सोडवायला दिलं. त्यात एक सोपी पळवाट लपवलेली होती. सराव करून रात्री झोपलेल्यांपैकी ५९ टक्क्यांना ती सापडली. सराव करून जागे राहिलेल्यांपैकी फक्त २३ टक्क्यांना. आणि सराव न करता नुसतेच झोपले, त्यांना झोपेचा काही फायदा झाला नाही. बेंझिनची रचना केकुलेला डुलकीत सुचली, असं आपण ऐकतो. पण तोही त्याआधी अनेक वर्षं कार्बनच्याच मागं लागला होता.

म्हणजे झोप आळशाला काही देत नाही, आणि जागरण करणारा आपल्या कष्टाचं फळ पदरात पडण्याआधीच हाकलून देतो. तेव्हा दोस्तहो, दिवसा भंडाऱ्यावर बसल्यासारखा अभ्यास करा. गणित अडलं, प्रोग्राम चालेना, तर नीट डोकं लावा, वही मिटा आणि खुशाल झोपा. बाकीचं काम रात्रीवर सोपवा. सकाळी उठल्यावर मात्र ते पुरं करायला बसायचं, हे तेवढं विसरू नका!